मागची सीट नसलेली गाडी

दोन सीटांची ती इवलीशी गाडी मी का घेतली हे मला पुष्कळांनी विचारलं, आणि मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. हॉस्पिटलमधल्या लोकांना सांगितलं, पेट्रोल कमी लागतं. पुण्याला नवऱ्याला फोनवर म्हटलं, एकट्या बाईला मोठी गाडी हवी कशाला. शेजारच्या आयरिश बाईंना म्हटलं, पार्किंगला बरी पडते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या वसाहतीपलीकडे नजर पोचेल तिथवर पसरलेल्या कुरणांकडे पाहिलं, आणि 'ग्रँड', म्हणजे छान, असं म्हणून त्या आत गेल्या. पोर्टलीश गावाच्या त्या बाजूला पार्किंगसाठी छोटी गाडी कुणी घेत नाही. तिथे विमान उतरवलं तरी मेंढ्यांना चरायला जागा उरेल.

खरं कारण एवढंच होतं की त्या गाडीला मागची सीट नव्हती.

मी भूलतज्ज्ञ आहे. माहेर अमरावतीचं, शिक्षण नागपूरला झालं आणि नोकरीसाठी मी आयर्लंडच्या सरकारी हॉस्पिटलात, पोर्टलीशला आले. नवरा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होता, त्याच्या व्हिसाचं काम झालं की येणार होता. २०२० च्या फेब्रुवारीत आई माझ्याकडे आली, म्हटलं तर थोडे दिवस राहायला, म्हटलं तर लेक एकटी कशी राहते ते बघायला. मार्चमध्ये सगळं बंद झालं. विमानं थांबली आणि आई अडकली.

तिची दृष्टी तोवर बरीच गेली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. परत गेल्यावर ऑपरेशन करायचं ठरलेलं होतं, ते आता लांबलं. घरात ती भिंतीला हात लावत चालायची. मी ड्युटीवर गेले की दिवसभर एकटी. म्हणून मी परतले आणि अंगात थोडा जीव असला की तिला गाडीत घालून फिरवून आणायची. घरापासून फार लांब जायला बंदी होती, त्यामुळे रस्ता ठरलेला. वसाहतीतून बाहेर, चर्चला वळसा, मग बोगच्या कडेकडेने जाणारा अरुंद रस्ता. बोग म्हणजे जळणासाठी खणून काढलेली काळी, ओली जमीन. मैलभर सपाट, मध्येच पाण्याची डबकी. त्या दिवसांत तिथे चिटपाखरूही नसायचं.

माझी गाडी जुनी होती, निळी, पाच दारांची. आयर्लंड सोडून जाणाऱ्या एका डॉक्टरकडून मी ती घेतली होती. त्याच्याआधी ती कुणाची होती हे मला माहीत नव्हतं आणि विचारायचं सुचलंही नव्हतं. आई नेहमी मागे बसायची. पुढे बस म्हटलं तर नको म्हणायची. मला वाटायचं, अमरावतीला बाबांच्या गाडीत ती जन्मभर मागेच बसत आली, सवय आहे. बसायची तीही डाव्या कडेला, दाराला चिकटून. तिची ती मोठी कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. एकदा मी म्हटलं, पिशवी बाजूला ठेव की, सीट रिकामी आहे. ती म्हणाली, "राहू दे व. कुठं जागा हाये तिथं."

मला वाटलं, तिला दिसत नाही म्हणून म्हणते.

गाडी चालू असताना ती मागे हळू आवाजात काहीतरी बोलत असायची. जप करत असेल असं मी धरून चालले. कधी कधी शब्द कानावर पडायचे. बाबांच्या शेवटच्या आजारपणाचं, माझ्या धाकट्या मावशीच्या लग्नाचं, घराच्या अंगणातल्या बेलाच्या झाडाचं. जपात मावशीचं लग्न कसं येईल हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी त्या दिवसांत तीन-तीन मास्क लावून लोकांच्या घशात नळ्या घालत होते. कानावर पडलेलं डोक्यापर्यंत पोचत नव्हतं.

जुलैमध्ये अडकलेल्या लोकांसाठी सोडलेल्या एका विमानात आईला जागा मिळाली. त्याच विमानाने जाणारं एक मराठी कुटुंब गाठून मी तिला त्यांच्या हवाली करायचं ठरवलं. डब्लिनला जाणारा हमरस्ता भर दुपारी मोकळा होता. आई त्या दिवशी मागे गप्प बसून होती. विमानतळाच्या पाट्या दिसायला लागल्या तेव्हा ती म्हणाली, "एक सांगू काय? भेवू नको पण."

मी सांग म्हटलं.

"इथं माह्या बाजूले एक बाई बसते. मी आली त्या दिवसापासून पाहून रायली. तुह्या मागं, त्या कोपऱ्यात. मी बोलत असतो तिच्यासंग. मी गेली का तिले एकटं वाटन."

गाडी मी सरळ चालवत राहिले याचं मला आजही नवल वाटतं. मी विचारलं, कशी आहे दिसायला? आई म्हणाली, अंगात लांब कोट आहे, केस ओले आहेत, हात मांडीवर ठेवून बसते. बोलत नाही, पण ऐकते. घरात येत नाही. गाडीतच राहते.

मग माझ्यातली डॉक्टर बोलायला लागली. मी तिला समजावलं की डोळ्यांना कमी दिसायला लागलं की मेंदू रिकाम्या जागा स्वतःच भरून काढतो. कुणाला फुलं दिसतात, कुणाला माणसं. वेड नव्हे ते, घाबरायचं कारण नाही, ऑपरेशन झालं की जाईल. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"असन बा," ती म्हणाली.

टर्मिनलमध्ये फक्त प्रवाशांना सोडत होते. दारातच चाकाच्या खुर्चीत बसवून ती मराठी मंडळी तिला घेऊन गेली. तिने मागे वळून हात हलवला, पण माझ्याकडे नाही, गाडीकडे.

परतीच्या वाटेवर मी रेडिओ मोठ्याने लावला. आरशात बघायचं टाळलं, आणि मग लक्षात आलं की आरशात बघून काही उपयोगही नाही. चालवणाऱ्याच्या बरोबर पाठीशी बसलेलं माणूस आरशात दिसत नाही. सीटची उशी आड येते. आरशात दिसते ती डावीकडची जागा, आई बसायची ती. ती रिकामी होती.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. शवागारात पाठ्यपुस्तक उशाला घेऊन झोपलेली मुलगी मी. तरी त्या उन्हाळ्यात माझी मान सतत आखडलेली असायची. गाडीत बसण्याआधी मी मागचं दार उघडून बघायची, सीटवर हात फिरवायची, मग बसायची. रोज रिकामीच असायची. पण चालवायला लागलं की मानेच्या मागे, केस संपतात तिथे, कुणी बघत असल्यासारखी जाणीव व्हायची. तसं बघणारा माणूस वाईट असतो असं नाही. पण तो बघतो आहे हे कळत असतं.

सप्टेंबरात उजवीकडची मागची काच धुरकट राहायला लागली. बाकीच्या काचा स्वच्छ, ती एकच आतून धूसर. पायाखालचं कापड हाताला ओलं लागलं. मी गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने दाराचं रबर तपासलं, नळीने पाणी मारून बघितलं. कुठून गळत नाही म्हणाला. कापड वाळवून परत बसवून दिलं आणि म्हणाला, इथे काय ओलं नसतं, बाई? ते पटण्यासारखं होतं. आठवडाभराने कापड पुन्हा ओलं झालं. ड्रायव्हरच्या मागच्या जागेतलंच, दोन पाय ठेवायच्या जागी.

आईशी रोज बोलणं व्हायचं. तिने बाईचा विषय काढला नाही, मीही नाही. अमरावतीत दवाखान्यांत नुसता गोंधळ होता आणि तिचं ऑपरेशन पुढे पुढे ढकललं जात होतं.

ऑक्टोबरात पुन्हा कडक बंदी आली. रस्त्यांवर जागोजागी गार्डा उभे राहून कुठे निघालात ते विचारायचे. गार्डा म्हणजे इथले पोलीस. एका सकाळी मी ड्युटीला निघाले होते. उजाडायला आलं होतं, बोगवर पांढरं धुकं पसरलेलं. वळणावर एका तरुण गार्डाने हात केला. मी काच खाली करून हॉस्पिटलचं पत्र दाखवलं. त्याने ते वाचलं, मान हलवली, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि मागच्या बाई? त्याही हॉस्पिटलातच का?"

तो एक पाऊल मागे सरकला, मागच्या काचेजवळ वाकला, हाताने डोळ्यांवर आडोसा धरून आत बघितलं. बराच वेळ बघत होता असं मला वाटलं. मग माझ्या खिडकीशी आला. त्याचा चेहरा बदलला होता.

"माफ करा डॉक्टर. मला वाटलं कोट टांगलाय."

मागे कोट नव्हता. काहीच नव्हतं. मागे काही नाही हे त्यालाही दिसलं होतं. त्याने पत्र परत दिलं, 'ग्रँड सो' म्हणाला आणि पुढे म्हणाला, सांभाळून घरी जा. मी घरी जात नव्हते, कामावर जात होते. आम्ही दोघांनीही ती चूक सुधारली नाही.

त्या दिवशी दोन ऑपरेशनांच्या मध्ये चहा पिताना मी फोनवर गाड्यांच्या जाहिराती बघायला लागले. मला नवी गाडी नको होती, भारी नको होती. मला फक्त अशी गाडी हवी होती जिच्यात माझ्या पाठीमागे कुणाला बसायला जागाच नसेल. दोन सीटांची, चिमुकली, पाठ लगेच भिंतीला लागणारी. अशा गाड्या डब्लिनमध्ये पुष्कळ दिसतात. आमच्या लीश परगण्यात जवळजवळ नसतातच. म्हणून डिसेंबरात बंधनं थोडी सैल झाल्यावर माझ्याच बाजूला, बोगच्या पलीकडे, एक विकायला आहे असं दिसलं तेव्हा मी लगेच फोन केला.

पलीकडून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला. ये आणि बघ, म्हणाल्या. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी चालतच निघाले. पाऊण तासाची वाट. निळी गाडी दारात ठेवली. कारण एकदा नवीत बसले की जुनीकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. वाटेत पाऊस लागला.

बाईंचं घर एकटंच होतं, रस्त्यापासून आत. त्या उंच, ताठ, सत्तरीच्या पुढच्या. गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्यांना आता क्लच दाबवत नाही असं मला आधी वाटलं, पण ती गाडी ऑटोमॅटिक होती. विकायचं कारण विचारलं तर म्हणाल्या, कुठे जायचं उरलं नाही. आम्ही दोघी अंगणात अंतर राखून उभ्या होतो, त्या दाराच्या छपराखाली, मी गोठ्याच्या. मध्ये ती पांढरी गाडी, एखाद्या खेळण्यासारखी.

त्यांनी मला विचारलं, तुला का हवी? मी म्हटलं, पार्किंगसाठी. त्या मोठ्याने हसल्या. मग मी त्यांना उलट विचारलं, तुम्ही का घेतली होती?

त्यांनी जे सांगितलं ते मी इतक्यांदा मनात घोळवलंय की ते माझ्याच शब्दांत बसलंय. तरुणपणापासून त्या गावातली टॅक्सी चालवत होत्या. मोठी गाडी, मागे माणसांची रांग. लग्नं, मयतं, दवाखाने, दारू पिऊन घरी जाणारे, बाळंत व्हायला निघालेल्या. "मागे बसलेले लोक असं बोलतात की पुढे चालवणारी मेलीच आहे," त्या म्हणाल्या. कुणाचं कुणाशी, कुणी कुणाला फसवलं, कोण मरायला टेकलंय, सगळं त्यांच्या मानेवर येऊन आदळायचं. चेहरे दिसायचे नाहीत, नुसते आवाज. धंदा बंद केल्यावरही मोठी गाडी चालवताना मागून आवाज येतात असं त्यांना वाटायचं. मग त्यांनी ही घेतली. हिच्यात एकालाच बसवता येतं आणि तो कोण ते दिसतं.

पावसात, अनोळखी माणसासमोर, तोंडावर मास्क असताना, सांगणं सोपं जातं. मी सगळं सांगून टाकलं. आई, तिचे डोळे, ओलं कापड, गार्डा. मी थांबल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "कुठल्या बाजूला?"

"माझ्या पाठीशी."

त्यांनी मान हलवली. "ज्यांना आरशात दिसायचं नसतं ती तिथेच बसतात. सगळी वाईट नसतात. काहींना कुठे जायचं ते सांगता येत नाही, एवढंच. मग आपण चालवत राहायचं."

व्यवहार झाला. मी चावी घेऊन आत बसले. आतून गाडी लहान वाटत नव्हती. पाठीमागे हात नेला तर लगेच काच लागली. कित्येक महिन्यांनी माझे खांदे खाली आले. मी गाडी सुरू केली, तेवढ्यात बाई छपराखालून पावसात बाहेर आल्या. गाडीला वळसा घालून डावीकडे गेल्या, रिकाम्या सीटचं दार उघडलं, क्षणभर थांबल्या आणि हलक्या हाताने लावलं. एखादी म्हातारी आत बसल्यावर, तिच्या कोटाचं टोक अडकू नये म्हणून लावतात तसं.

मी काच खाली करून विचारलं, हे काय केलंत?

"इथवर तुझ्याबरोबर चालत आली ना ती," त्या म्हणाल्या. "एवढ्या पावसात परत चालत पाठवणार होतीस का?"

तो परतीचा रस्ता मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी रडत होते. भीतीने नाही. कुणीतरी फार थकलेलं माणूस शेजारी बसल्यावर त्याच्याशी काय बोलावं ते सुचत नाही, तसं काहीसं झालं होतं. घरी पोचेपर्यंत डावीकडची काच आतून धुरकट झाली होती. माझेच कपडे ओले होते, हे मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं.

निळी गाडी एका माणसाने सुटे भाग काढण्यासाठी उचलून नेली. विकताना मी त्याला सांगितलं की मागे कुठूनतरी पाणी येतं, कुठून ते कळत नाही. तो म्हणाला, भंगाराला काय फरक पडतो.

जानेवारीत हॉस्पिटलात जे झालं ते त्या काळात काम केलेल्या सगळ्यांना माहीत आहे, मी सांगायला हवं असं नाही. मी सकाळी जायची आणि उजेड संपला की यायची. माणसांना भूल देताना शेवटचं बोलणारी बहुतेकदा मीच असायची. काही माणसांच्या आयुष्यातला तो शेवटचा आवाज ठरला. ते नवऱ्याला सांगता येत नव्हतं. तिकडे बसून तो काय करणार होता? आईला तर नाहीच. मग एका संध्याकाळी बोगच्या रस्त्यावर मी बोलायला लागले. मराठीतच. आज काय झालं ते. त्या शेतकऱ्याने मला विचारलं की जाग येईल ना, आणि मी हो म्हटलं. मग आधीच्या दिवसाचं. मग बाबांचं, जे मी कधी कुणाशी बोलले नव्हते.

शेजारून उत्तर यायचं नाही. सीट रिकामीच असायची, पट्टा लोंबत असायचा, काच धूसर असायची. पण आपलं बोलणं कुठेतरी जाऊन पोचतं आहे असं वाटायचं. भिंतीशी बोललं की शब्द परत येतात. ते परत येत नव्हते. भीती वाटायची का? वाटायची. अंगावर काटा यायचा, रोज. पण मागून वाटणारी भीती आणि शेजारून वाटणारी भीती यात फरक असतो. शेजारच्या भीतीबरोबर प्रवास करता येतो.

आई मागच्या सीटवर वसंतभर काय करत होती ते मला तेव्हा कळलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, तिकडे जरा उसंत मिळाली त्या दिवसांत, आईचं ऑपरेशन झालं. आधी एक डोळा, मग दुसरा. पट्टी निघाल्यावर तिने व्हिडिओ कॉल केला आणि पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून म्हणाली, किती वाळली व तू. मग बराच वेळ घरातलं काय काय दिसतंय ते सांगत राहिली, भिंतीवरचे डाग, बेलाची पानं. मी विचारायचं नाही म्हणत असताना विचारलंच, आता माणसं वगैरे दिसतात का कुठे?

"नाई. कोणीच नाई. तुही डॉक्टरकी खरी ठरली." ती हसली. मग थांबून म्हणाली, "मले दिसे ते डोळ्याचं होतं म्हणू. तुह्ये डोळे तं चांगले हायेत ना?"

मी तिला गाडी बदलल्याचं सांगितलं. आता दोनच सीटा आहेत म्हटलं. तिने विचार केला आणि म्हणाली, "मंग समोर बसत असन." आणि भाजीवाला आला म्हणून फोन ठेवला.

मार्चमध्ये टॅक्सीवाल्या बाईंचा फोन आला. त्यांना डॉक्टरांकडे लस घ्यायला बोलावलं होतं आणि नेणारा पुतण्या क्वारंटाइनमध्ये अडकला होता. अवघड वाटत असेल तर नको, म्हणाल्या. मला लस आधीच मिळाली होती. मी येते म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर ध्यानात आलं की गाडीत दुसरी जागा एकच आहे.

त्या दिवशी ऊन पडलं होतं. बोगवरची डबकी आरशासारखी चमकत होती. मी त्यांच्या अंगणात गाडी थांबवली. बाई नीट कपडे करून, मास्क लावून उभ्या होत्या. मी डावीकडे पाहिलं आणि काही ठरवायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "आता त्यांना बसायचंय." मराठीत. अगदी घरच्या माणसाला म्हणावं तसं.

बाई लगेच आत शिरल्या नाहीत. त्यांनी दार उघडलं आणि काठीवर रेलून बाजूला सरून उभ्या राहिल्या, बसमधून उतरणाऱ्याला वाट द्यावी तशा. मग बसल्या. त्यांचे गुडघे पुढे टेकत होते म्हणून सीट मागे सरकवून दिली. खिडक्या उघड्या ठेवून आम्ही निघालो. निम्मा रस्ता त्या बाहेरच्या डबक्यांकडे बघत होत्या.

मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस तू तिच्याशी बोलत होतीस?"

मी हो म्हटलं.

"ती काही बोलली?"

"नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "बोलली असती तर उतरली नसती."

त्यानंतर शेजारची काच धूसर झाली नाही. हवा कोरडी होती, एप्रिलमध्ये पाऊसही नेहमीपेक्षा कमी झाला. मी महिनाभर रोज त्या काचेवरून बोट फिरवून बघत होते. काही दिवस मी तसंच बोलून पाहिलं. शब्द परत यायला लागले होते. कानाला ते बरोबर कळतं. मग मी रेडिओ लावायला लागले. गाडी मला पहिल्यांदाच लहान वाटायला लागली. एप्रिलमध्ये अमरावतीत आणि नागपुरात जे चाललं होतं, आमच्या ओळखीतली जी माणसं गेली, त्याबद्दल बोलायला त्या रस्त्यावर माझ्याबरोबर कुणी नव्हतं. आई वाचली, एवढं सांगते.

नवरा शरद ऋतूत आला. विमानतळावर दोन मोठ्या बॅगा घेऊन तो त्या गाडीसमोर उभा राहिला आणि माझ्याकडे बघायला लागला. एक बॅग कशीबशी मागच्या फटीत गेली, दुसरी त्याने मांडीवर घेतली, आणि पोर्टलीशपर्यंत त्याचं डोकं तेवढं दिसत होतं. वाटेत त्याने पुन्हा विचारलं, खरं सांग, ही का घेतलीस? बॅगेच्या पलीकडे त्याचा चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल, मी त्याला सगळं सांगितलं. तो मोजकं बोलणारा माणूस आहे. एवढंच म्हणाला, फोनवर मला का नाही सांगितलंस? मी म्हटलं, तू शेजारी नव्हतास.

आईला पुन्हा यायचं होतं, आता डोळ्यांनी आयर्लंड बघायचं होतं. दोन सीटांत तिघं बसणार नाहीत. म्हणून वर्ष संपायच्या आत आम्ही गावातल्या एका शोरूममध्ये गेलो. विकणाऱ्याने एका करड्या गाडीचं मागचं दार उघडून पाय ठेवायला किती जागा आहे ते दाखवलं आणि आम्हाला सोडून फोन घ्यायला गेला. नवरा पुढे बसून स्टीअरिंगवर हात ठेवून बघत होता. मी मागे शिरले आणि मुद्दाम सरकत त्याच्या पाठीशी जाऊन बसले. दार लावून घेतलं.

तिथून काय दिसतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. मान दिसते. केस संपतात ती जागा, कानाची मागची बाजू, कॉलर. पांढरे केस यायला लागले होते त्याचे. माणूस किती उघडा असतो मागून, आणि त्याला ते माहीत नसतं. बघत राहावंसं वाटलं. सांभाळून चालव असं म्हणावंसं वाटलं, पण गाडी उभी होती, आणि आवाज काढला तर काहीतरी मोडेल असं वाटून मी हात मांडीवर ठेवून गप्प बसले.

तो कुठल्याशा बटणाबद्दल बोलत होता. बोलता बोलता थांबला. त्याचे खांदे किंचित वर आले. मागे न वळता त्याने विचारलं, "आहेस ना?"

मला उत्तर द्यायला थोडा वेळ लागला.